वाक्य बरोबर आहे, सर

'इंगबाई' हे नाव बाईंना पाठीमागून नव्हे, अगदी तोंडावर पडलं होतं आणि त्यांना ते आवडायचंही. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्या कामगारांना इंग्रजी शिकवायच्या. कंपनीचे मोठे साहेब बाहेरदेशातून यायचे. त्यांना इथलं अक्षर कळत नसे आणि मिस्त्री लोकांना त्यांचं. मध्ये दुभाषे ठेवून कंपनी कंटाळली आणि मग ठरलं की कामगारांनीच बोलायला शिकावं. सकाळची पाळी सुटली की स्टोअरशेजारच्या खोलीत वर्ग भरायचा. एका भिंतीशी पोलादी दोरांची वेटोळी, समोर पांढरा फळा आणि सगळ्या खोलीला ग्रीसचा वास. बाईंच्या साड्यांनाही तो लागायचा. घरी गेल्या की त्यांच्या ताई म्हणायच्या, "आलीस का गॅरेजमधून?"

बाई शिकवायच्या मात्र झकास. त्यांचा हातखंडा धडा एकच, क्रियापदाच्या पुढे 'टू' कधी लावायचा आणि शेपटाला 'इंग' कधी. "एन्जॉयच्या घरी टू जात नाही आणि वॉन्टच्या घरी इंग येत नाही," असं त्या म्हणायच्या. "फिनिश, अव्हॉइड, एन्जॉय ही इंगची माणसं. वॉन्ट, होप, डिसाइड ही टूची. आणि काही महाभाग दोघांनाही घरात घेतात. पण पाहुणा बदलला की घरातलं बोलणं बदलतं बरं का!"

मग फळ्यावर 'स्टॉप' लिहायचं आणि वर्गाकडे वळायचं. "'आय स्टॉप्ड टू स्मोक', म्हणजे मी सिगारेट ओढायला थांबलो. 'आय स्टॉप्ड स्मोकिंग', म्हणजे मी सिगारेट ओढायची थांबवली. पहिल्या वाक्याला बायको भांडेल, दुसऱ्याला चहा करून देईल. आता सांगा, फरक आहे की नाही?"

वर्ग हसायचा. सगळ्यात मोठ्यांदा हसायचे थोरले मिस्त्री.

थोरले म्हणजे वयाने. केस पिकलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला आणि हात इतके राठ की पेन्सिल त्यांत काडीसारखी दिसायची. लिफ्टच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण इंग्रजीत त्यांची एक खोड होती. दिसेल त्या क्रियापदाला ते इंग लावायचे. 'आय वॉन्ट गोइंग', 'आय होप कमिंग', 'आय स्टॉप्ड ड्रिंकिंग वॉटर'. बाई लाल शाईने खोडायच्या, मिस्त्री मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"मिस्त्री, अहो, पाणी प्यायचं थांबवलं तर जगाल कसे?"

"काय करू बाई, इंग लावलं की वाक्य कसं तेल घातल्यासारखं सरकतं. टू मध्ये आला की खडखडतं."

"तेल जास्त झालं की घसरायला होतं," बाई म्हणायच्या.

पण त्यांच्यावर बाईंचा जीव होता. या वयात, दिवसभर जिने चढून-उतरून आलेला माणूस डुलकी न काढता पहिल्या बाकावर बसतो, घरी बायकोला समोर बसवून तिच्यापुढे वाक्यं म्हणून दाखवतो, याचं त्यांना फार कौतुक. त्या त्यांना सांगायच्या, "कुणी काही विचारलं तर दुभाष्याच्या तोंडाकडे बघू नका. मोडकंतोडकं का असेना, स्वतःचं स्वतः बोला. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडात गेलं की ते आपलं राहत नाही."

मिस्त्रींनी हे मनावर घेतलं होतं.

पुढे एका मोठ्या इस्पितळात अपघात झाला. तिथल्या लिफ्टची देखभाल थोरल्या मिस्त्रींकडे होती. चाकाची खुर्ची ढकलत एक आया आत शिरत होती, तेवढ्यात लिफ्ट जागेवरून सुटली आणि हिसका देऊन अर्धा मजला खाली येऊन थांबली. खुर्ची रिकामी होती हे नशीब, पण आयाचा पाय मोडला. ब्रेकचं लायनिंग, म्हणजे लिफ्ट धरून ठेवणारा पट्टा, झिजलं होतं. ते दर आठवड्याला तपासायचं असतं. मोठे साहेब विमानाने आले आणि कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत चौकशी बसली.

त्या खोलीत बाईंना बोलावलं ते भाषांतरासाठी नव्हतंच. मिस्त्रींनीच निरोप धाडला होता, "मला दुभाष्या नको. मी इंग्रजीत बोलतो. फक्त आमच्या बाईंना बसू द्या, म्हणजे धीर येईल." साहेबांना याचं अप्रूप वाटलं. बाई आत आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, हा आपल्या वर्गाचाच विजय आहे, पुढल्या वर्षी दुसऱ्या शाखांतही वर्ग सुरू करायचा विचार चाललाय, आणि आज मला पाहायचंय की तुमची माणसं किती पुढे गेलीत. बाई फुलून आल्या. कोपऱ्यात इस्पितळाच्या कामावरचे सुपरवायझर बसले होते. ते नुसते पेनचं टोपण उघडझाप करत होते.

साहेबांनी विचारलं, दर आठवड्याला ब्रेक तपासायचा असतो, त्या आठवड्यात काय झालं?

मिस्त्री खुर्चीत ताठ बसले. घरून पाठ करून आल्यासारखं एकेक शब्द ठेवत म्हणाले, "दॅट वीक, सर, मच वर्क. आय वॉज गोइंग टू थर्ड लिफ्ट. आय स्टॉप्ड चेकिंग द ब्रेक."

त्या आठवड्यात काम फार होतं. मी तिसऱ्या लिफ्टकडे चाललो होतो. मी ब्रेक तपासायचं थांबवलं.

साहेबांनी भुवया वर केल्या. सुपरवायझरांच्या पेनची टकटक थांबली.

बाईंना कळलं. एका क्षणात, फळ्यावर लिहिल्यासारखं स्वच्छ कळलं. मिस्त्रींना म्हणायचं होतं, इतकं काम असूनही, दुसरीकडे जाता जाता मी ब्रेक तपासायला थांबलो. त्यांची तीच खोड, तेच इंग. बाईंनी जे वाक्य लाल शाईने खोडून खोडून कागद फाडला होता, ते आज या खोलीत येऊन बसलं होतं.

साहेब बाईंकडे वळले. "मॅडम, या वाक्याचा नेमका अर्थ काय? यात चूक आहे का?"

प्रश्न सरळ होता. 'हो, सर, चूक आहे. त्यांना उलट म्हणायचंय.' एवढं म्हटलं की झालं असतं. पण ते म्हणणं म्हणजे काय होतं? ज्या धड्यावर बाईंचं नाव पडलं, तोच धडा पहिल्या बाकावरच्या माणसालासुद्धा त्यांना शिकवता आला नाही, हे आत्ताच कौतुक करून बसलेल्या माणसापुढे कबूल करणं. बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आणि त्यांच्या तोंडून शब्द गेले, "वाक्य बरोबर आहे, सर. व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर. याचा अर्थ, आधी ते तपासत होते आणि नंतर तपासणं बंद केलं."

हे सगळं इंग्रजीत झालं, भराभरा. मिस्त्रींना त्यातलं 'सेंटेन्स करेक्ट' तेवढं कळलं. त्यांचा चेहरा उजळला.

"खात्री आहे तुमची?" साहेबांनी त्यांना विचारलं.

"येस सर! हंड्रेड पर्सेंट!" मिस्त्री म्हणाले आणि बाईंकडे बघून त्यांनी मान हलवली, जसं पोराने शाळेत कविता न अडखळता म्हणावी आणि आईकडे बघावं.

ते पुढे बोलणार होते. तपासल्यावर काय दिसलं, कुणाला सांगितलं, त्यांची वाक्यं तयार होती. पण साहेबांनी हात वर केला. पुरे. सुपरवायझरांना विचारलं, यांनी तुम्हाला काही कळवलं होतं का? सुपरवायझर म्हणाले, "नो सर," आणि पेनचं टोपण लावून ते खिशात टाकलं. मिस्त्रींना वाटलं, आपल्याला पुन्हा बोलावतील. कुणी बोलावलं नाही.

बाहेर आल्यावर मिस्त्री वाकून म्हणाले, "बाई, तुम्ही होतात म्हणून निभावलं. एकही शब्द आपल्या भाषेत बोललो नाही!"

बाई म्हणाल्या, "छान बोललात." खोटं बोलायची ही दुसरी वेळ.

आठवडाभरात मिस्त्रींना कामावरून काढलं. कामात हयगय केली आणि ती स्वतःच्या तोंडाने कबूल केली, असं कारण दिलं. वर्गात ही बातमी स्टोअरच्या कारकून मुलीने सांगितली. पहिल्या बाकावरची जागा रिकामी होती आणि तिथे कुणी सरकून बसलं नाही. बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "आज वाचन घेऊ."

दोन-तीन दिवसांनी मिस्त्री स्वतः बाईंच्या घरी आले. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"बाई, मी कबूल केलं म्हणतात. मी काय कबूल केलं?"

ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. बाई मिस्त्रींच्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या.

"माझं वाक्य तर बरोबर होतं ना? तुम्हीच साहेबांना म्हणालात."

"वाक्य बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "काहीतरी गैरसमज झाला असेल. मोठ्या लोकांचं काय सांगावं."

"तेच म्हटलं," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही समोर असताना वाक्य चुकेल कसं?" चहा पिऊन ते गेले. जाताना ताईंना विचारलं, "तुमच्या नळाला गळती दिसतेय, वायसर टाकून देऊ का?" आणि खिशातला पाना काढून टाकूनही दिला.

तेव्हापासून बाईंना घास गोड लागेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. वर्गात त्यांनी तो धडाच टाळला. नवी माणसं आली, त्यांनी विचारलं, बाई, ते टू आणि इंगचं कधी शिकवणार? बाई म्हणायच्या, पुढे. शेवटी एकदा टाळता येईना, तेव्हा त्यांनी 'स्टॉप' सोडून 'रिग्रेट' घेतला. "'आय रिग्रेट टू से', म्हणजे सांगायला वाईट वाटतं. अजून सांगायचंय. आणि 'आय रिग्रेट सेइंग', म्हणजे सांगून गेलो त्याचं वाईट वाटतंय." एवढं बोलून त्या फळ्याकडे वळल्या ते वळल्याच. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, उदाहरण?" बाईंच्या हातातला पेन फळ्याला टेकून तसाच राहिला आणि तिथे निळा ठिपका मोठा होत गेला.

मिस्त्रींनी घराच्या पुढल्या खोलीत पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायला घेतल्या होत्या. हे कळल्यावर बाईंनी जो उपाय शोधला, तसा फक्त चोराच्या मनालाच सुचतो. त्या घरातल्या वस्तू त्यांच्याकडे पाठवू लागल्या. आधी मिक्सर, मग टेबलफॅन, मग चालू असलेला रेडिओ. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगितलं, आमचे मिस्त्री आहेत, हात सोन्याचा आहे. मिस्त्री काम चोख करायचे आणि बाईंकडून काही म्हणून घ्यायचे नाहीत. "गुरूकडून कसं घेऊ?" असं म्हणत. म्हणजे उपायाने ओझं उतरायच्या ऐवजी चढतच गेलं.

एक दिवस ताईंनी धडधाकट इस्त्री पिशवीत भरलेली पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. ताई जन्मभर इस्पितळात नर्स होत्या. माणसाचं दुखणं कुठे आहे ते बोट न लावता ओळखायच्या.

"काय गं, या घरातलं सगळंच बिघडायला लागलंय. तुझ्यासकट."

"तिची वायर तापते जरा."

"वायर नाही तापत, तू तापतेस. काय केलंयस त्या माणसाचं?"

बाईंनी आधी हातातलं काम सोडलं नाही. मग पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिल्या, मध्ये एकदाही 'अरेरे' म्हणाल्या नाहीत.

"चूक झाली गं ताई. तोंडातून गेलं."

"पहिल्यांदा तोंडातून गेलं असेल," ताई म्हणाल्या. "तो इथे बसून विचारत होता तेव्हा काय झालं? मी चहात साखर ढवळत होते, मला ऐकू येत होतं. मला वाटलं, तुलाही माहीत नसेल."

बाईंनी तोंडाला पदर लावला.

"माझ्यापुढे रडून काय होणार? इंजेक्शन एकाला द्यायचं आणि दुखतंय दुसऱ्याला असं कधी असतं का? जा, त्याच्यापुढे बस."

तरी बाई गेल्या नाहीत. आज वर्ग आहे, उद्या डोकं दुखतंय, परवा पाहुणे येणार. इस्त्री मात्र गेली, शेजारणीच्या हातून. आणि ती दुरुस्त करून द्यायला मिस्त्री स्वतःच आले.

"बाई, हिला काहीच झालं नव्हतं. तरी उघडून साफ केली." त्यांनी इस्त्री टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि उगाच उभे राहिले.

"बसा ना."

"बसतो." ते बसले. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. बायकोला नाही सांगितलं. दुसऱ्या दोन कंपन्यांत गेलो होतो. मागे का काढलं म्हणून विचारतात. मी सांगतो, साहेब, मी ब्रेक तपासला होता. पण हल्ली सांगताना माझीच जीभ अडखळते." ते आपल्या तळहातांकडे बघत होते. "इतकी शिकलेली माणसं, इतक्या खात्रीने म्हणाली की तपासला नाही. रोज विचार करतो. ती गच्चीवरची लिफ्टच्या मशिनची खोली डोळ्यांपुढे आणतो. लायनिंगला बोट लावलं, काळं लागलं, ते रुमालाला पुसलं. हे आठवतं. सुपरवायझरांना सांगितलेलंही आठवतं, ते मात्र नाही म्हणतात. पण मग वाटतं, ते कदाचित त्याच्या मागल्या आठवड्यातलं असेल. मी तपासलाच नसेल, बाई. त्या आयाचा पाय माझ्यामुळेच मोडला असेल. परवा तिला भेटायला गेलो होतो. माफी मागून आलो."

नोकरी गेली होती हे त्यांना माहीत होतं. पण माणसाच्या आठवणीतून त्याने स्वतः केलेलं काम निघून चाललंय, न केलेल्या गुन्ह्याची तो माफी मागत फिरतोय, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"मिस्त्री, तुम्ही तपासला होतात," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्ही तिथे तसं सांगितलंत. फक्त चुकीचं सांगितलंत. तुम्ही 'स्टॉप्ड चेकिंग' म्हणालात. म्हणजे तपासायचं थांबवलं. तुम्हाला 'स्टॉप्ड टू चेक' म्हणायचं होतं. तपासायला थांबलो."

मिस्त्री ओठांतल्या ओठांत ते दोन्ही पुटपुटले.

"पण तुम्ही म्हणालात, वाक्य बरोबर आहे."

"हो."

"मग तुमच्याही तेव्हा ध्यानात आलं नाही तर."

ही पळवाट त्यांनी स्वतःच उघडून दिली होती, अगदी भाबडेपणाने. बाईंना तिच्यातून सहज निघून जाता आलं असतं. स्वयंपाकघराच्या दारात ताई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आलं होतं," बाई म्हणाल्या.

"तेव्हाच?"

"तेव्हाच. साहेबांनी विचारायच्या आधी. मला लाज वाटली. माझा विद्यार्थी चुकला असं म्हणायची लाज वाटली."

मिस्त्रींनी इस्त्रीची वायर घेतली, नीट गुंडाळली, टोक आत खोचलं. "माझ्या चुकीची लाज मला वाटायला हवी, बाई," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही कशाला घेतलीत?" आणि उठून चपला घालून निघून गेले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

आवाज चढवला तो दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या बायकोने. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तर येईनात.

"आमच्या घरात रोज तुमचं नाव होतं. बाईंनी हे सांगितलं, बाईंनी ते सांगितलं. मी अडाणी, पण मला समोर बसवून माझ्याकडून 'गुड' म्हणवून घ्यायचे. ते वाक्य त्यांनी माझ्यापुढे किती वेळा म्हणून दाखवलं, माहीत आहे? मीही 'गुड'च म्हणाले. मला कळत नव्हतं म्हणून म्हणाले. तुम्हाला तर कळत होतं ना?"

"हो, कळत होतं," बाई म्हणाल्या.

"मग आता जिथे बोललात तिथे जाऊन बोला. आमच्या घरात येऊन बोलू नका आणि तुमच्या मिक्सरचं काम पाठवू नका."

बाईंनी पायांत चपला सरकवल्या आणि त्यांच्याबरोबर तशाच निघाल्या. वाटेत मिस्त्रींना घेतलं. ते यायला तयार नव्हते. बायको म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. आज बोलायची पाळी यांची आहे."

मोठे साहेब नुकतेच पुन्हा आले होते, म्हणून गाठ तरी पडली. बाईंना ते हसून सामोरे आले. दुसऱ्या शाखांतल्या वर्गाबद्दल बोलायला आल्या असतील, असं त्यांना वाटलं. बाई बसल्या नाहीत. आपलं इंग्रजी त्यांना त्या दिवशी प्रथमच जड वाटलं. त्या म्हणाल्या, सर, त्या दिवशी तुम्ही मला दोन प्रश्न विचारले होते. अर्थ काय, आणि चूक आहे का. मी पहिल्याचं उत्तर पुस्तकातलं दिलं आणि दुसऱ्याचं खोटं. त्यांना म्हणायचं होतं की मी ब्रेक तपासायला थांबलो. हे मला त्याच क्षणी माहीत होतं, कारण ही चूक ते रोज करतात आणि ती मी रोज सुधारते.

"मग बोलला का नाहीत?"

"माझी शिकवणी वाईट ठरेल, म्हणून."

साहेबांचं हसू विरलं. त्यांनी दुसऱ्या एका खात्यातल्या माणसाला दुभाषा म्हणून बोलावलं. बाई आपणहून खुर्ची सरकवून मिस्त्रींशेजारी बसायला गेल्या, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाही, मॅडम. तुम्ही बाहेर बसा."

बाई बाहेर बाकावर बसल्या. शेजारी मिस्त्रींची बायको. आतून मिस्त्रींचा आवाज येत होता, आपल्या भाषेत, न अडखळता, कामातला माणूस कामाबद्दल बोलतो तसा. लायनिंग, गच्ची, रुमालाला पुसलेलं बोट. लिफ्ट बंद ठेवा असं मी सुपरवायझरांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, आज इस्पितळात गर्दी आहे, उद्या बघू. मग सुपरवायझरांना बोलावलं. ते आधी नाही म्हणाले, मग आठवत नाही म्हणाले, आणि ज्याच्यासमोर ते बोलणं झालं होतं त्या इस्पितळाच्या दारवानाला बोलवायचं ठरलं तेव्हा म्हणाले, सांगितलं असेल कदाचित.

कंपनीने मिस्त्रींना परत घेतलं. इस्पितळाकडे नाही, दुसऱ्या इमारतींवर. मधले महिने मात्र गेले ते गेलेच. कंपनीने आयालाही पत्र पाठवून खरं काय झालं ते कळवलं. बाईंचा वर्ग बंद झाला. त्याचं कारण त्यांना कुणी दिलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

आता त्या घरीच शिकवतात, चार-पाच जणींना. पद्धत बदलली आहे. कुणी वाक्य म्हटलं की लगेच बरोबर-चूक सांगत नाहीत. आधी विचारतात, "तुला काय म्हणायचंय ते आपल्या भाषेत सांग." मग वाक्याकडे वळतात. मुली कंटाळतात. एक तर म्हणालीही, "बाई, परीक्षेत असं कोण विचारतं?"

ताई म्हणतात, झालं ना आता, सांगून मोकळी झालीस, मग अजून का कुढतेस? सांगितलं हे खरं. पण मिस्त्रींच्या बायकोने उंबऱ्यात उभं राहून सुनावलं नसतं, तर त्या ऑफिसात आपण आपणहून गेलो असतो का, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, गेलो असतो. कधी वाटतं, अजून एक इस्त्री पाठवली असती.

मागे एकदा डोळे तपासायला त्या एका इमारतीत गेल्या होत्या. तिथे लिफ्टपुढे पिवळी पाटी लावून मिस्त्री काम करत होते. केस आणखी पिकलेले, चष्म्याला नवा दोरा. बाईंना पाहून ते उठले, हात पुसले आणि नमस्कार केला.

"कसे आहात?"

"बरं चाललंय. तुमच्या ताई?"

"त्या बऱ्या आहेत. घरी वहिनी?"

"आहे मजेत."

बाईंच्या ओठांवर प्रश्न आला होता, मनातून गेलं का हो तुमच्या? पण तो त्यांनी गिळला. हा भला माणूस 'गेलं' म्हणणार आणि ते खरं की माझं मन राखायला म्हटलेलं हे मला कळणार नाही. शिवाय त्याला पुन्हा एकदा माझ्यासाठी बोलायला लावणं झालं.

"वेळ लागेल अजून," मिस्त्री म्हणाले. "जिन्याने जावं लागेल. कठड्याला धरून जा, वरच्या वळणावर दिवा नाही."

"जाते," बाई म्हणाल्या आणि कठड्याला धरून वर चढू लागल्या. खाली मिस्त्री पुन्हा उकिडवे बसून कामाला लागले होते.